लोणारचे परागकण, ओसरलेले जंगल आणि कार्बनचा हिशेब

प्रश्न असा आहे: लोणार सरोवराच्या गाळातील परागकणांवरून काही हजार वर्षांपूर्वी त्या भागात आजच्यापेक्षा दाट जंगल होते असे दिसते. मग त्याच परागकणांवरून त्या जंगलाचे क्षेत्र आणि त्यात साठलेला कार्बन काढता येईल का? आणि तो काढता आला, तर आज विदर्भ-मराठवाड्यातील माळरानांवर झाडे लावून ‘गमावलेला’ तेवढा कार्बन परत मिळवता येईल, असे म्हणता येईल का?

या प्रश्नाचे तीन भाग आहेत आणि तिन्हींची उत्तरे सारखी नाहीत. जंगल किती होते हे परागकणांवरून काढता येते. मात्र त्यासाठी भिंगाखाली मोजलेल्या टक्केवारीवर बरेच संस्कार करावे लागतात, आणि त्या संस्कारांना लागणारी माहिती आपल्याकडे अजून अपुरी आहे. कार्बन किती होता हे परागकण स्वतःहून सांगत नाहीत. ते क्षेत्र सांगतात, त्या क्षेत्राला दर हेक्टरी कार्बनचा आकडा आपण बाहेरून लावतो, आणि उत्तराचा भरवसा त्या बाहेरच्या आकड्याइतकाच असतो. तिसऱ्या भागाचे उत्तर, निदान लोणारच्या पुराव्यावरून, नकारार्थी आहे. तिथले जंगल का ओसरले याचे कारण त्याच गाळात नोंदलेले आहे आणि ते कारण आजही दूर झालेले नाही.

पद्धतीची ओळख थोडक्यात करून देतो. परागकणाचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन या अतिशय चिवट द्रव्याचे असते. प्राणवायू न पोहोचणाऱ्या गाळात ते हजारो वर्षे टिकते. तळ्याच्या तळातून गाळाचा उभा गाभा काढतात, ठरावीक अंतरावरचे नमुने घेतात, त्यातील चुनखडी, वाळू-माती आणि इतर सेंद्रिय द्रव्य एकामागून एक आम्ले आणि अल्कली वापरून काढून टाकतात आणि उरलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजतात. एका नमुन्यात किमान तीनशे ते पाचशे कण मोजण्याचा प्रघात आहे. सुरुवातीलाच लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची ज्ञात संख्येची गोळी नमुन्यात मिसळली, तर टक्केवारीबरोबरच दर घनसेंटिमीटर गाळात एकूण किती कण होते हेही काढता येते. थरांचे वय रेडिओकार्बनने ठरते. वय ठरवण्यासाठी तळ्याच्या गाळापेक्षा जमिनीवरच्या झाडाचे पान किंवा काडी मिळाली तर ती घ्यावी. लोणारसारख्या क्षारयुक्त, भूजलावर पोसलेल्या तळ्यातील शेवाळे पाण्यातला जुना कार्बन शोषून घेतात आणि त्यांच्यावरून काढलेले वय खऱ्यापेक्षा जास्त येते.

आता टक्केवारीकडे वळू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच सुरू होतात. स्वीडिश भूशास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली परागकणांच्या टक्केवारीचे पहिले आलेख विद्वानांपुढे मांडले. तेव्हापासून हे सर्वांना ठाऊक होते की, ज्या झाडाचे परागकण जास्त ते झाड रानात जास्त, असा सरळ अर्थ लावता येत नाही. ज्या झाडांचे परागण वाऱ्यावर होते ती अमाप पराग सोडतात. ज्यांचे कीटकांमार्फत होते ती मोजकेच सोडतात आणि तेही चिकट असतात. शिवाय हलका कण लांब जातो आणि जड कण झाडाखालीच पडतो. मार्गारेट डेव्हिस यांनी १९६३ साली ही अडचण गणिती रूपात मांडली आणि प्रत्येक वनस्पतीसाठी दुरुस्तीचा गुणांक हवा हे दाखवून दिले. पुढे इतर अनेकांच्या हातून हे काम वाढत गेले आणि शिन्या सुगिता यांनी २००७ साली दोन जोडप्रतिमाने मांडली: मोठ्या तळ्यांवरून विस्तृत प्रदेशातील वनस्पतींचे आच्छादन काढणारे ‘रिव्हील्स’, आणि त्याच्या आधारे लहान तळ्याच्या आसपासचे आच्छादन काढणारे ‘लव्ह’.

दुरुस्तीने किती फरक पडतो ते कल्पित आकड्यांनी दाखवतो. एका थरात ५०० कण मिळाले. त्यांपैकी ३०० वाऱ्यावर परागण होणाऱ्या एका झाडाचे आणि २०० गवताचे. कच्च्या टक्केवारीने पाहिले तर ६० टक्के जंगल. पण तेवढ्याच क्षेत्रातून ते झाड गवताच्या सहापट पराग सोडते असे धरले, तर ३०० ला ६ ने भागून ५० येतात, गवताचे २०० तसेच राहतात आणि जंगलाचा वाटा २० टक्क्यांवर येतो. आता उलट उदाहरण घेऊ. ५० कण कीटकांवर अवलंबून असलेल्या झाडाचे आणि ४५० गवताचे आहेत, आणि ते झाड गवताच्या निम्मेच पराग सोडते. कच्ची टक्केवारी १० आहे, दुरुस्त केलेली साधारण १८. म्हणजे एकाच पद्धतीने पहिल्या ठिकाणी जंगल एक तृतीयांशावर आले आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ दुप्पट झाले. यात कणांच्या वहनाची दुरुस्ती अजून धरलेलीच नाही.

युरोपात हे काम पुष्कळ पुढे गेले आहे, कारण तिथली मुख्य झाडे थोडी आहेत, त्यांतली बरीच वाऱ्यावर परागण होणारी आहेत आणि त्यांचे गुणांक अनेक देशांत मोजलेले आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात युरोपातील १,१२८ ठिकाणांच्या परागनोंदी घेऊन गेल्या ११,७०० वर्षांतील वनस्पतींचे आच्छादन रिव्हील्सने काढले आहे. त्याआधी २०१८ साली हजाराहून अधिक ठिकाणांच्या नोंदी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासल्या गेल्या, आणि गेल्या सहा हजार वर्षांत युरोपातील निम्म्याहून अधिक जंगल नाहीसे झाल्याचा निष्कर्ष निघाला. अशा निष्कर्षांवर मी विश्वास ठेवतो, कारण त्यांत एका तळ्याची चूक दुसरे तळे झाकते आणि एका पद्धतीची चूक दुसरी पद्धत उघडी पाडते.

आपल्याकडे वाऱ्यावर परागण होणारी झाडे आणि मोजलेले गुणांक हे दोन्ही आधार कमकुवत आहेत. शुष्क पानझडी रानातील साग, ऐन, धावडा, मोह, सालई, पळस ही बहुतेक झाडे कीटकांवर, आणि पळसासारखी काही पक्ष्यांवर, अवलंबून आहेत. बाभूळवर्गीय झाडांचे परागकण सुटे नसतात. ते पुंजक्याने, बहुधा सोळा-सोळाच्या गठ्ठ्याने, बाहेर पडतात आणि जड असल्यामुळे फार दूर जात नाहीत. त्यामुळे तळ्याच्या काठापासून थोड्या अंतरावर बाभळीचे दाट बन असले, तरी गाळात त्याची नोंद नाममात्र असू शकते. उलट वाऱ्यावर पराग उधळणारी वावळ संख्येने थोडी असूनही आलेखात ठळक दिसते. ऐन, बेहडा आणि धावडा ज्या कुळात येतात त्याचे परागकण अंजनीच्या कुळातील परागकणांपासून वेगळे ओळखणे कठीण, म्हणून अहवालांत ही दोन्ही कुळे बहुतेक वेळा एकाच नावाखाली दाखवलेली असतात. गवतांचे तर विचारूच नका. ज्वारी-मक्यासारख्या धान्यांचे मोठे कण सोडले, तर कुसळी, पवन्या, शेडा आणि बांबू या सर्वांचे कण एकाच साच्यातले: गोल आणि एका छिद्राचे. लखनौची बीरबल साहनी संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि पुदुच्चेरीची फ्रेंच संस्था यांच्याकडे परागकणांचे उत्तम संदर्भसंग्रह आहेत, त्यामुळे ओळख पटवण्याचे काम आपल्याकडे चांगले होते. सापेक्ष परागनिर्मितीचे गुणांक मात्र अगदी थोड्या प्रजातींसाठी आणि थोड्या ठिकाणी मोजलेले आहेत. ते मोजायचे तर आजच्या रानात शेवाळाचे पुंजके किंवा वरच्या थरातली माती घेऊन त्यातले परागकण मोजावे लागतात, आणि त्याच ठिकाणाभोवती वाढत्या अंतराच्या वर्तुळांत प्रत्येक वनस्पतीचे आच्छादन नोंदावे लागते. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्यावर मोठे लेख छापून येत नाहीत. पण पुढचे सगळे गणित त्यावरच उभे आहे.

या पार्श्वभूमीवर लोणार पाहू. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर दख्खनच्या बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले आहे. व्यास पावणेदोन किलोमीटरहून थोडा अधिक, आतले पाणी क्षारयुक्त आणि तीव्र अल्कधर्मी, पाण्याला बाहेर जायला वाट नाही. तिथून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाभ्यात जवळपास ११,००० वर्षांचा गाळ आहे. भारतात सपाटीवरच्या प्रदेशातून एवढी सलग नोंद मिळणे दुर्मीळच. या गाभ्यावर भारतीय आणि जर्मन संशोधकांनी अनेक वर्षे काम केले. २०१४ साली त्यांनी पर्जन्याचा इतिहास मांडला. त्यात आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा असे दीर्घ अवर्षणाचे दोन काळ दिसतात. त्याचा एक पुरावा परागकणांशी मुळीच संबंधित नाही: पाणी आटून क्षार दाटले की तयार होणारे गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक त्या थरांत सापडतात.

वनस्पतींची कहाणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. परागकण, कोळशाचे सूक्ष्म कण आणि इतर खुणा एकत्र तपासून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, सुमारे ६,००० वर्षांपूर्वीपासून मोसमी पाऊस दुबळा होत गेला, जंगल मागे हटले आणि विरळ झाडांचे गवताळ रान, म्हणजे सव्हाना, पसरत गेले. या बदलामागे माणसाने केलेली तोड नव्हती आणि वणव्यांच्या स्वरूपातला बदलही नव्हता, असे ते म्हणतात. शेती आणि पशुपालन या भागात स्थिरावले ते त्यानंतर. महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाशी हा क्रम जुळतो. दायमाबाद, जोर्वे, इनामगाव इथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्त्या साधारण चार हजार वर्षांच्या अलीकडे-पलीकडे सुरू होतात. जंगल ओसरायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झालेली होती.

दिशेपुरता हा निष्कर्ष मला पटतो, कारण परागकणांनी सांगितलेला काळ आणि खनिजांनी सांगितलेला काळ एकमेकांना धरून आहेत. त्यावरून बुलढाणा-वाशीम-जालना पट्ट्यात इतके टक्के जंगल होते, असा आकडा मात्र मी काढणार नाही. रिव्हील्सला मोठे तळे लागते, निदान पन्नास हेक्टरांचे, आणि ते साधारण शंभर किलोमीटर बाजू असलेल्या चौकोनाएवढ्या प्रदेशाचे चित्र देते. लोणारचे पाणी शंभर हेक्टरांच्या आसपास असल्याने आकाराची अट पुरी होते, पण पराग हवेतून आणि सपाट प्रदेशावरून येतात हे गृहीतक तिथे बसत नाही. विवराचे उतार झाडांनी भरलेले आहेत आणि तिथले पराग थेट पाण्यात पडतात. विवरातल्या ‘धार’ या झऱ्याबरोबर आणि पावसाळी ओहोळांबरोबरही पराग वाहून येतात. आतल्या उतारांवर ओल टिकते, वारा कमी लागतो, गुरे कमी पोहोचतात. त्यामुळे बाहेरच्या पठारावर जंगल संपल्यानंतरही आत ते टिकलेले असणार, आणि गाळातली झाडांची टक्केवारी बाहेरच्या पठारापेक्षा चढी दिसणार. आणखी एक अडचण सांगायची तर पाण्याची पातळी खाली गेली की काठाचा रुंद पट्टा उघडा पडतो, त्यावर लव्हाळे आणि गवत माजते, आणि त्यांचे पराग ‘गवताळ रान’ म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो. असा प्रश्न एका तळ्यावरून सुटत नाही. भोवतालच्या प्रदेशातील आणखी चार-सहा ठिकाणे हवीत. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक तळी फार थोडी असल्याने ती शोधणे हेच मोठे काम आहे.

किनाऱ्यावर वेगळा मार्ग उपलब्ध आहे. नद्या गाळाबरोबर पराग समुद्रात नेतात आणि समुद्रतळाचा गाभा संपूर्ण खोऱ्याची सरासरी देतो. गोव्याच्या दक्षिणेला कारवारसमोरच्या समुद्रातून काढलेल्या गाभ्यांवर १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीपासून हवामान कोरडे होत गेल्याचे दिसले. लोणारच्या क्रमाला हे समांतर आहे. अशा किनारी गाभ्यांत वयाची एक सोपी चाचणीही हाताशी असते. सुरूच्या झाडांची लागवड भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली, तेव्हा ज्या थरात सुरूचे पराग आहेत तो थर त्याहून जुना असूच शकत नाही. आणि ते खोलवरच्या थरात आढळले, तर गाळ उलथापालथ झालेला आहे हे निश्चित.

आता कार्बन. आच्छादनाचा आकडा हाती आला असे धरून चालू. त्याला दर हेक्टरी जैवभाराने, म्हणजे वनस्पतींच्या वाळलेल्या वजनाने, गुणायचे. वाळलेल्या जैवभाराचा ४७ टक्क्यांच्या आसपास भाग कार्बन असतो, हे प्रमाण जगभर वापरले जाते. हे वाचायला सोपे वाटते. वरच्या कल्पित उदाहरणातच १०,००० हेक्टरांचा प्रदेश घेऊ. झाडाचा परागगुणांक ६ धरला तर जंगल २० टक्के, म्हणजे २,००० हेक्टर. दर हेक्टरी ६० टन कार्बन धरला तर १,२०,००० टन. गुणांक ४ धरला तर जंगल २७ टक्के, म्हणजे २,७०० हेक्टर. आणि जुने रान अधिक उंच असेल असे समजून दर हेक्टरी ९० टन धरला तर २,४३,००० टन. दोन्ही गृहीतके वाजवी वाटतात, कोणीही त्यांना हसणार नाही, आणि तरीही उत्तर दुपटीने बदलले. म्हणून परागकणांवरून काढलेला कार्बनचा एकच आकडा, मर्यादा न सांगता, कोणी पुढे केला तर मी आधी जैवभाराचा आकडा कुठून घेतला ते विचारतो. तो बहुतेक वेळा आजच्या एखाद्या राखीव जंगलातून घेतलेला असतो, आणि आजची राखीव जंगलेही शतकानुशतके तोडलेली, चारलेली, जाळलेली आहेत.

यापेक्षा खोल अडचण अशी की परागकण रानाचा विस्तार दाखवतात, त्याची उंची आणि खोडांची जाडी दाखवत नाहीत. कोकण आणि मावळात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची जुनी रीत आहे. त्यासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात. झाड जागेवरच राहते, पण त्याचा जैवभार घटतो, आणि फांद्या सतत छाटल्यामुळे फुलोराही घटतो. परागआलेखात हे झाड कमी झालेले दिसेल, प्रत्यक्षात ते तोडलेले नसेल. युरोपात नेमके उलटेही होते. तिथे हेझलची झुडपे बुंध्याशी कापून पुन्हा फुटवतात. वरची सावली गेल्यामुळे ती भरभरून फुलतात आणि जैवभार घटलेला असतानाच परागकण वाढतात. हा तपशील किरकोळ नाही. २०१८ सालच्या एका जागतिक अंदाजानुसार पृथ्वीवरील वनस्पतींत आज सुमारे ४५० अब्ज टन कार्बन आहे आणि माणसाने जमीन वापरलीच नसती तर तो ९१६ अब्ज टनांच्या आसपास असता. या तफावतीतील ४२ ते ४७ टक्के वाटा जंगल नाहीसे होण्यामुळे पडलेला नाही. जंगल उभेच असताना लाकूडतोड, चराई आणि छाटणी यांमुळे ते पातळ होत गेले त्यामुळे तो पडला आहे. परागकणांना हा वाटा जवळजवळ दिसतच नाही.

मातीतील कार्बन तर वनस्पतींतील कार्बनपेक्षाही मोठा; जगभरच्या जमिनीच्या वरच्या एका मीटरमध्ये १,५०० अब्ज टनांच्या घरात. त्याबद्दल परागकण काहीच बोलत नाहीत. गवताळ रानात बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत असतो, आणि वणवा आला तरी तो मोठ्या प्रमाणात शाबूत राहतो. तेव्हा जंगल जाऊन सव्हाना आली म्हणजे झाडांतला सगळा कार्बन ‘गेला’ आणि बदल्यात काहीच आले नाही, हा हिशेब चुकतो. मातीतील किंवा गाळातील वनस्पतिजन्य द्रव्यात कार्बन-१३ चे, म्हणजे कार्बनच्या किंचित जड अणूचे, प्रमाण पाहिले तर झाडे आणि उष्ण प्रदेशातील गवते वेगळी ओळखता येतात: झाडांचे मूल्य उणे २७ प्रतिसहस्राच्या आसपास, तर त्या गवतांचे उणे १३ च्या आसपास. परागकणांना गवतांत जो भेद करता येत नाही तो या पद्धतीने बराचसा होतो. पण यातूनही मातीत कार्बन कुठून आला हे कळते. तो किती होता हे कळत नाही. याच संदर्भात, गाभ्याच्या थरांत मोजलेला सेंद्रिय कार्बन हा त्या तळ्यात गाडला गेलेला कार्बन असतो, भोवतालच्या रानाचा नव्हे. अहवालांत या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते.

मग कार्बनचे अंदाज काढूच नयेत का? जरूर काढावेत, पण त्यांना परागकणांपासून स्वतंत्र अशा साक्षीदारासमोर उभे करावे. याचे सर्वांत बोलके उदाहरण शेवटच्या हिमयुगाचे आहे. १९९० साली परागनोंदी आणि इतर पुराव्यांवरून हिमयुगातील वनस्पतींचे नकाशे तयार करून, प्रत्येक प्रकारच्या रानाला दर हेक्टरी कार्बन लावून असा अंदाज प्रसिद्ध झाला की, हिमयुगाच्या शिखरकाळापासून आतापर्यंत जमिनीवरचा कार्बन सुमारे १,३०० अब्ज टनांनी वाढला. खोल समुद्रातील सूक्ष्म कवचांमधील कार्बन-१३ वरून निघणारा आकडा मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येत होता. २०१२ सालच्या एका अभ्यासाने तो केवळ ३३० अब्ज टन असल्याचे दाखवले आणि तफावतीचे कारणही सुचवले: हिमयुगात गोठलेल्या जमिनीत निष्क्रिय कार्बनचा फार मोठा साठा होता आणि बर्फ वितळल्यावर तो घटला. जंगले वाढली हे परागकणांनी बरोबर सांगितले होते. गोठलेल्या मातीत काय चालले आहे हे त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

असाच ताळा माणसाने केलेल्या जंगलतोडीबाबतही घेतला जातो. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्षात २६० भागांच्या आसपास होता. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो २८० वर आला. विल्यम रडिमन यांनी २००३ साली या वाढीचे श्रेय आरंभीच्या शेतकऱ्यांनी केलेल्या जंगलतोडीला दिले. दशलक्षात एक भाग म्हणजे हवेत सुमारे २.१ अब्ज टन कार्बन, या हिशेबाने हवेत ४२ अब्ज टनांची भर पडली. पण समुद्र मोठा वाटा शोषून घेत असल्याने जमिनीवरून त्याच्या कित्येक पट कार्बन सुटायला हवा. बर्फात अडकलेल्या हवेतील कार्बन-१३ एवढ्या मोठ्या सुटकेला दुजोरा देत नाही, आणि रडिमन यांचे उत्तर असे की त्याच काळात दलदलींमधील पीटने, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराने, बराच कार्बन गाडून ही खूण पुसली. वाद मिटलेला नाही, पण युरोपातील परागनोंदींनी त्यातली क्षेत्राची बाजू तरी पक्की केली. अमेझॉनबाबत परागकणांनी दुसऱ्या दिशेने काम केले. युरोपीय लोकांच्या आगमनानंतर मूळ रहिवाशांचा संहार झाला, सोडलेल्या शेतांवर जंगल वाढले आणि १६१० च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ७ ते १० भागांनी उतरला, असे एक मत आहे. ३९ तळ्यांतील परागनोंदी तपासून २०२१ साली असे दिसले की, अमेझॉनमध्ये अनेक ठिकाणी शेते सोडून जंगल परतण्याची सुरुवात युरोपीय येण्याच्या काही शतके आधीच झाली होती. कार्बनची कहाणी कितीही आकर्षक असली तरी तारखा जुळत नसतील तर ती सोडावी लागते, आणि तारखा देणे हे परागकणांचे बळ आहे.

आता प्रश्नाचा तिसरा भाग. लोणारच्या गाळाने जे दाखवले ते खरे मानले, तर आजचे माळरान हे माणसाने जंगल तोडून उरलेले ओसाड पडीक नाही. पाऊस कमी झाल्यावर जे रान तिथे टिकू शकले ते हे रान आहे, आणि ते हजारो वर्षे तिथे आहे. सात हजार वर्षांपूर्वीच्या जंगलाचा कार्बन ही आज भरून काढायची रिकामी जागा ठरत नाही, कारण ते जंगल ज्या पावसावर उभे होते तो पाऊस आज पडत नाही. अशा ठिकाणी दाट वृक्षलागवड करून झाडांत जितका कार्बन मिळेल असे कागदावर दिसते, त्यातून लागवडीसाठी खणताना मातीतून सुटणारा कार्बन, दुष्काळात मरणारी रोपे आणि कोमेजणारे गवत वजा करावे लागेल. माळढोक, तणमोर आणि काळवीट यांचे घरही त्या गवतातच आहे. नीलगिरीच्या डोंगरमाथ्यांवर ही चूक मोठ्या प्रमाणावर होऊन गेली. तिथली गवताळ कुरणे ही शोला, म्हणजे तिथले सदाहरित जंगल, तोडल्यामुळे निर्माण झाली असे समजून त्यांवर निलगिरी, वॅटल आणि पाइन लावले गेले. पण तिथल्या पीटमधील परागकण आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेली कार्बन-१३ ची नोंद सांगते की, गवत आणि जंगल यांची ही गुंफण हिमयुगापासून चालत आलेली आहे आणि पावसाबरोबर दोघांच्या सीमा मागेपुढे होत राहिल्या आहेत.

याचा अर्थ मराठवाडा-विदर्भात कुठेच झाडे गेली नाहीत असा नाही. गेल्या दोन-तीनशे वर्षांत तोडलेले रान वेगळे आणि सहा हजार वर्षांपूर्वी ओसरलेले रान वेगळे. कार्बनसाठी लागवड करायचीच असेल तर पहिल्या प्रकारची ठिकाणे शोधावीत. त्यासाठी खोल गाभ्याची गरज नाही. जुन्या पाझर तलावांचा आणि देवस्थानांच्या कुंडांचा वरचा मीटर-दीड मीटर गाळ, शिसे-२१० या किरणोत्सारी शिशाने काढलेले त्याचे वय, गॅझेटियरमधील जंगलांची वर्णने आणि वनखात्याचे जुने नकाशे एवढ्यावर बरेच कळते. असा अभ्यास हाती घेणाऱ्याला माझी शिफारस अशी आहे: निकाल फरकाच्या रूपात द्यावा, म्हणजे अमुक थरापासून तमुक थरापर्यंत झाडांचे आच्छादन इतके घटले किंवा वाढले, त्यासोबत परागगुणांकाची दोन टोके आणि जैवभाराची दोन टोके घेऊन निघणाऱ्या चारही उत्तरांचा पट्टा छापावा, माती खणून तिचा कार्बन वेगळा मोजावा, आणि पहिले वर्ष आजच्या रानातील शेवाळ व माती गोळा करून गुणांक काढण्यात घालवावे, गाभा त्यानंतर काढावा.